फाइट चालू असताना प्लेअर मोबाईल काढतात, डीएमनं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही आठेक महिने डी अँड डी ची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा रोलप्लेइंग गेम) पाचवी एडिशन चालवताय, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर सांभाळणारे डीएम तुम्ही, पाच प्लेअर, दर शनिवारी रात्री साधारण चार तास. सुरुवातीला धमाल होती, आता फाइट चालू असताना मोबाईल बाहेर येतात, एकजण तर सोफ्यावर झोपला. तुम्ही मॉन्स्टर मोठे केले, मॅजिक आयटम वाटले, जगाचा इतिहास पानभर लिहून वाचून दाखवला, ढिम्म फरक नाही. आणि आता विचारताय की हे कॅम्पेन, म्हणजे आठ महिने चाललेली ही सलग गोष्ट, गुंडाळून नवीन सुरू करू का.

गुंडाळायचं का ते शेवटी बघू. आधी तुमचे तीन उपाय बघा, तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. ड्रॅगन आला, तलवार मिळाली, इतिहास ऐकला, तिन्ही वेळेला जे काय करायचं ते तुम्ही केलंत आणि ते पाच जण समोर बसून होते. त्यांना ठरवायला काय होतं? मला वाटतं तुमचा खरा प्रॉब्लेम एक्साइटमेंटचा नाहीये, तुमच्या टेबलावर निर्णय कमी झालेत, आणि जे निर्णय घेतात त्यांनी पुढे काही बदलत नाही. माणूस चार तास जागा राहतो तो 'आता मी काय करू' या विचारानं, पुढे काय दाखवणार याची वाट बघत नाही राहत, तेवढ्यासाठी घरी सिरीज आहेतच की.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत ते मान्य करून टाकतो. शनिवारी दिवसभर ऑफिस करून, ट्रॅफिकमधून येऊन कोणी रात्री दहाला बसत असेल तर तो झोपणारच, त्याला कुठलाही डीएम जागा ठेवू शकत नाही, वेळ बदला. ऑनलाइन खेळत असाल तर मोबाईल-टॅब हा निम्मा प्रॉब्लेम तिथलाच असतो. आणि काही टेबलांना मुळात गप्पा मारायच्या असतात, गेम हे निमित्त, त्यात वाईट काही नाही पण मग अपेक्षा तशा ठेवा. तुमच्या प्रश्नावरून मला तसं वाटलं नाही, कारण पहिले काही महिने हीच माणसं रंगून खेळत होती, म्हणून पुढचं लिहितोय.

सगळ्यात आधी फाइट, कारण मोबाईल तिथे बाहेर येतात असं तुम्हीच म्हणताय. साधा हिशोब करा. पाच प्लेअर, प्रत्येकाचा टर्न तीन मिनिटं, तुमच्या मॉन्स्टर लोकांची पाच मिनिटं, म्हणजे एक राउंड, सगळ्यांचा एकेक टर्न, वीस मिनिटांचा. माझा टर्न झाला की पुढचा यायला सतरा मिनिटं. एवढ्या वेळात मी 'अटॅक, एकोणीस, हिट, नऊ डॅमेज' एवढंच बोललोय आणि आता बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखा बसलोय, मोबाईल नाही काढणार तर काय करणार. त्यामुळे पहिलं काम वेग. कोणाचा टर्न सुरू झाला की लगेच पुढच्याचं नाव घ्या, 'आता रोग (चोर), त्यानंतर क्लेरिक (पुजारी), तयारीत राहा'. अटॅकचा आणि डॅमेजचा फासा एकदमच टाकायला सांगा. मॉन्स्टरचं डॅमेज दरवेळी रोल करू नका, स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीत, सरासरी छापलेलीच असते, गॉब्लिनची ५, ओगरची १३, ती सांगा आणि पुढे चला. सारखे सहा गॉब्लिन असतील तर सगळ्यांचा मिळून एकच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा रोल), आणि हे रूल्समध्येच आहे, माझी पदरची सोय नाही. कोणी स्पेलचं वर्णन वाचत बसला तर त्याला म्हणा तू वाच, आम्ही पुढच्याचं उरकतो, मग तुझ्याकडे येतो. नुसत्या एवढ्यानं वीसाचा राउंड दहावर येतो.

पण वेग वाढवून कंटाळवाणी फाइट लवकर संपते, रंगत नाही. रंगायला दुसरी गोष्ट लागते. तुम्ही मॉन्स्टर मोठा केलात ना, त्याचं काय झालं असेल सांगतो. ओगर घ्या, २०१४ च्या बुकात त्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसतो) ५९ आणि आर्मर क्लास (अटॅक लागायला गाठायचा आकडा) ११. पाचव्या लेव्हलच्या प्लेअरला अटॅकवर सात मिळत असतील तर वीस बाजूंच्या फाशावर ४ किंवा वर पडलं की लागलं, म्हणजे ८५ टक्के. पाच जण तुटून पडले तर ओगर एका राउंडमध्ये, फार तर दोनमध्ये आडवा. मग डीएम काय करतो, हिट पॉइंट्स दुप्पट करतो. त्यानं धोका दुप्पट होत नाही, वाट बघणं दुप्पट होतं. एकटा मॉन्स्टर हरतो कारण त्याच्या एका टर्नला समोरून पाच टर्न असतात. म्हणून तर मोठ्या ड्रॅगनना राउंडमध्ये तीन लेजंडरी अ‍ॅक्शन्स दिल्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्ननंतर करायच्या जादा चाली. तुमच्या बॉसला तसं काहीतरी द्या, किंवा सरळ चार माणसं बरोबर द्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फाइटमध्ये 'कोणाचे हिट पॉइंट्स आधी शून्य होतात' याच्याशिवाय दुसरा काहीतरी प्रश्न असला पाहिजे. पूल जळतोय आणि पलीकडे जायचंय. पुजाऱ्याचा मंत्र तीन राउंडमध्ये पूर्ण होणार आहे. गॉब्लिनला लढायचंच नाहीये, त्याला तुमचं खेचर पळवायचंय. असं काही असलं की फायटरला पहिल्यांदा विचार करावा लागतो, समोरच्याला मारू का धावू. आणि तो विचार करत असताना बाकीचे चौघं आपापली मतं ओरडायला लागतात. टेबल जागं आहे हे मी त्या आरडाओरड्यावरून ओळखतो.

आणि प्लीज मॉन्स्टरना पळू द्या. शेवटचे दोन गॉब्लिन उरलेत, सगळ्यांना कळलंय आपण जिंकलो, तरी पुढचे दोन राउंड आपण प्रामाणिकपणे फासे टाकत बसतो, कशासाठी? १९८१ च्या बेसिक डी अँड डी मध्ये यासाठी मोरॅल (हिंमत) नावाचा साधा रूल होता. मॉन्स्टरच्या बाजूचा पहिला गडी पडला की आणि निम्मे पडले की दोन सहा बाजूंचे फासे टाकायचे, बेरीज मोरॅलपेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचं मोरॅल ७, म्हणजे दर चेकला साधारण ४२ टक्के वेळा ते कच खाणार. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या डीएम गाईडमध्येही मोरॅल आहे, ऑप्शनल म्हणून, विझ्डम सेव्ह नावाच्या रोलवर, पण फारसं कोणी वापरताना दिसत नाही. मी जुनावालाच वापरतो. पळालेला गॉब्लिन म्हणजे पुढच्या सेशनची फुकट तयारी असते, तो कोणाला जाऊन सांगणार, आणि शरण आलेल्याचं काय करायचं यावर टेबलावर अर्धा तास भांडण होतं, त्यात डीएमला काहीच करावं लागत नाही, चहा प्यायचा.

१९८१ च्याच बुकातला रिअ‍ॅक्शन रोलसुद्धा घ्या. मॉन्स्टर भेटला की दोन फासे. २ आलं तर थेट हल्ला, १२ आलं तर चक्क दोस्ती, आणि मधल्या आकड्यांना संशय, गोंधळ, बोलणी. सात सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणजे बहुतेक वेळा समोरच्यानं अजून काही ठरवलेलं नसतं आणि प्लेअर काय बोलतात यावर सगळं असतं. मला या रोलचं सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे काय होणार ते मलाही माहीत नसतं. डीएमला कंटाळा आलेला असला की तो कंटाळा सगळ्या टेबलावर पसरतो, याबद्दल कोणी बोलत नाही.

आता वेळ. तुमची पार्टी (प्लेअरच्या कॅरेक्टरची टोळी) फाइट झाली की लाँग रेस्ट, म्हणजे सगळं परत भरून देणारी रात्रभराची झोप, घेते का? घेत असणारच. २०१४ च्या डीएम गाईडनं धरलेलं गणित असं की पार्टी एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड एन्काउंटर (मॉन्स्टरशी गाठ) झेलू शकते आणि मग झोपते. प्रत्यक्षात शनिवारी एक फाइट होते आणि मग सगळे झोपतात. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्पेल स्लॉट असतात, म्हणजे झोपेपर्यंत नऊ मोठे स्पेल, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलचे चार-तीन-दोन असे. दिवसात एकच फाइट असेल तर त्याला काही ठरवायचंच नाही, तिसऱ्या लेव्हलच्या दोन्ही स्लॉटवर फायरबॉल टाकायचे, विषय संपला. हाच विझार्ड अजून तीन खोल्या बाकी आहेत हे माहीत असताना बसला की त्याचा प्रत्येक स्लॉट म्हणजे निर्णय होतो. मी सहा-आठ एन्काउंटर करा म्हणत नाहीये, चार तासात ते होतही नाहीत, पण खेळातला दिवस एका सेशनमध्ये संपलाच पाहिजे असं कुठेय, एक दिवस दोन-तीन शनिवार चालू दे.

आणि झोपण्याला किंमत लावा. ब्लेड्स इन द डार्क म्हणून जॉन हार्परचा गेम आहे, त्यातले क्लॉक मी सर्रास उचललेत. कागदावर गोल काढायचा, चार, सहा किंवा आठ भाग करायचे, वर लिहायचं 'डाकू गावावर चाल करतात', आणि पार्टीनं वेळ घालवला, झोपली, परत फिरली की एक भाग रंगवायचा. लपवू नका, टेबलाच्या मध्ये ठेवा. लाँग रेस्ट म्हणलं की मी काही न बोलता पेन उचलतो आणि सगळे थांब थांब करतात. पण गोल भरला की डाकू खरंच आले पाहिजेत हां, आणि गाव खरंच जळलं पाहिजे. पहिल्या वेळेला तुम्ही दया दाखवलीत तर दुसऱ्या वेळेला त्या कागदाकडे कोणी बघणार नाही. याच कारणासाठी मी फासेही उघड्यावर टाकतो. पडद्यामागे आकडे फिरवून प्लेअरना वाचवणारे डीएम खूप आहेत, त्यांचे हेतू चांगले असतात, पण प्लेअरना हळूहळू वास लागतोच की आपण मरत नाही, आणि मग मोबाईल.

तुमच्या पानभर इतिहासाबद्दल. क्रिटिकल रोल हा डी अँड डी खेळण्याचा शो बघून बऱ्याच नवीन डीएमना वाटतं आपण तसं परफॉर्म केलं पाहिजे. ते सगळे प्रोफेशनल व्हॉइस अ‍ॅक्टर आहेत, त्यांच्यासमोर प्रेक्षक आहे, तुमच्याकडे प्रेक्षक नाहीये, पाच प्लेअर आहेत. वर्णन दोन-तीन वाक्यांत संपवा आणि शेवटचं वाक्य असं ठेवा की त्याला काहीतरी करावं लागेल. 'दरवाजा उघडा आहे आणि आतून कोणीतरी कुलूप शोधतंय' एवढं पुरतं. इतिहास सांगायचाच असेल तर तो उपयोगी माहिती म्हणून सांगा. या राजघराण्याला चांदीची अ‍ॅलर्जी होती हे तिसऱ्या खोलीत कामाला येणार असेल तर लोक कान देऊन ऐकतात.

आणि इथे आपल्याला एक फायदा आहे जो आपण वापरत नाही. निर्णय घ्यायला माहिती लागते, आणि फोरगॉटन रेल्म्स या डी अँड डी च्या तयार जगाची माहिती तुमच्या प्लेअरना नसते, ती तुम्हाला भरवावी लागते म्हणून तर पानभर वाचावं लागतं. पण वाटेत एकटा पिंपळ आहे आणि त्यावरून कोणीतरी पोरगा हाका मारतोय म्हणलं की माझ्या टेबलावर कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही, मुंजा आहे हे सगळ्यांना कळतं, लगेच एकजण म्हणतो मागे वळून बघू नका, दुसरा विचारतो त्याचं लग्न लावून दिलं तर सुटेल का. ओढ्यात गिऱ्हा, पारावर वेताळ, घरोघरी ऐकलेलं असतं. स्टॅट्स तुम्ही हव्या त्या मॉन्स्टरचे लावा. दुसरा फायदा असा की ट्रोलला आग लावली की तो परत भरून येत नाही हे आता सगळ्यांना पाठ आहे, मुंजाला काय लावायचं हे कुठल्याच बुकात नाही. फक्त एक, गॉब्लिनला गावाकडची बोली आणि एल्फला पुणेरी प्रमाण मराठी असले जोक करू नका, पहिल्यांदा हसतात, नंतर टेबलावरच्या कोणालातरी ते लागतं आणि तो बोलत नाही.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: राउंड छोटा करा, फाइटमध्ये मारण्याशिवाय दुसरं काहीतरी पणाला लावा, मॉन्स्टरना बोलू आणि पळू द्या, वेळ दिसू द्या, वर्णन कमी करा. आता तयारीचं, कारण माझ्या मते मूळ तिथे आहे.

बहुतेक डीएम गोष्ट लिहून आणतात, आधी हे होईल मग ते होईल. मग प्लेअर भलतीकडे गेले की त्यांना ओढून आणायचं, आणि दोन-तीनदा ओढलं की ते स्वतःहून जायचे बंद होतात, बसून राहतात, 'सांग आता कुठे जायचंय' म्हणतात. तुमच्याकडे हे झालंय असं मला तुमचं लिखाण वाचून वाटतंय. गोष्ट लिहू नका, परिस्थिती लिहा, म्हणजे कोणाला काय हवंय आणि पार्टी आलीच नाही तर तो काय करेल. याचं चांगलं उदाहरण बहुतेकांच्या घरी पडलेलं आहे, २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर हे तयार अ‍ॅडव्हेंचर. (ज्यांना ते अजून खेळायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) पहिलीच गुहा बघा. क्लार्ग नावाचा बगबेअर वर बसलाय, त्याच्या हाताखालचा यीमिक नावाचा गॉब्लिन आहे त्याला क्लार्ग मेलेला हवाय आणि स्वतः बॉस व्हायचंय, आणि यीमिकच्या ताब्यात सिल्डार नावाचा कैदी आहे. यीमिक पार्टीला म्हणतो क्लार्गचं मुंडकं आणा, कैदी न्या, नाहीतर ह्याला कड्यावरून खाली टाकतो. शिवाय आत जायला ओढ्याचा रस्ता आहे, लांडग्यांच्या खोलीतून वर क्लार्गकडे निघणारी फट आहे, आणि गॉब्लिनना इशारा मिळाला तर ते वरून पाणी सोडतात. छोटीशी गुहा, पण तीन बाजू, दोन-तीन रस्ते, एक सौदा. मी हे बऱ्याच ग्रुपबरोबर चालवलंय आणि दरवेळी वेगळं होतं, कोणी सौदा करतं, कोणी सौदा करून फसवतं, कोणी क्लार्गलाच जाऊन सांगतं. आणि हेच जर डीएमनं 'दहा गॉब्लिन, मग बॉस' असं चालवलं तर तीच गुहा पन्नास मिनिटांची हाणामारी होते. तुमच्या पुढच्या जागेत एवढं करा, आतल्या आत भांडणारे दोघं आणि दोघांनाही पार्टीकडून काहीतरी हवंय.

रहस्य वगैरे असेल तर जस्टिन अलेक्झांडर (डीएमिंगवर लिहिणारे ब्लॉगर) यांचा तीन क्लूंचा नियम पाळा, प्लेअरना जे कळायला हवं त्यासाठी किमान तीन क्लू ठेवा, एक ते बघणार नाहीत, एकाचा अर्थ उलटा लावतील, तिसरा लागेल. आणि रोल फसला तर 'काही होत नाही' हे उत्तर बंद करा. कुलूप उघडलं नाही, ठीक, पण आत कोणीतरी दिवा विझवला. २०१० च्या अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्ड या रोलप्लेइंग गेमपासून पुढच्या बऱ्याच गेममध्ये हे रूलमध्येच आहे, दोन फाशांवर ७ ते ९ आलं तर काम होतं पण किंमत मोजून. डी अँड डी मध्ये ते मुख्य रूलमध्ये नाही, २०१४ च्या डीएम गाईडमध्ये नुसता पर्याय म्हणून आहे, पण म्हणून तुम्ही करायचं नाही असं थोडंच आहे.

एक सवय मात्र या शनिवारपासूनच लावा. सेशन संपवताना शेवटची दहा मिनिटं ठेवून विचारा, पुढच्या वेळी तुम्ही काय करणार, कुठे जाणार? त्यांनी ठरवायचं, तुम्ही तेवढंच तयार करायचं. यानं तुमचं काम निम्मं होतं, आणि आठवडाभर ग्रुपवर त्यांचं प्लॅनिंग चालू राहतं, वाचायला मजा येते. जो झोपला त्याला वेगळं गाठून विचारा, सगळ्यांसमोर नको, की तुला या गेममध्ये कशात मजा येते. कदाचित त्याला फाइट आवडतच नसेल आणि त्यानं आठ महिने बार्बेरियन चालवला कारण पहिल्या दिवशी तेवढाच उरला होता. कॅरेक्टर बदलू द्या, काही बिघडत नाही.

तर कॅम्पेन गुंडाळायचं का? माझं मत, आत्ता नाही. नवीन सुरू केलंत तर पहिले काही सेशन नवेपणावर चालतील आणि तयारीची पद्धत तीच राहिली तर परत इथेच याल. वर लिहिलेलं महिनाभर करून बघा, तरीही सगळ्यांना नवीनच हवं असेल तर खुशाल करा, त्यांना विचारून करा.

राहिले ते वाटलेले मॅजिक आयटम. ते काढून घेऊ नका, चिडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तुमच्या फायटरकडे फ्लेम टंग आहे असं तुम्ही लिहिलंय, दर फटक्याला आगीचे दोन फासे जास्त, म्हणून फाइट लवकर संपतात अशी तुमची तक्रार आहे. असू दे तलवार त्याच्याकडे. पुढच्या गावात एक म्हातारी बाई भेटू दे जिच्या मुलाची ती तलवार होती, पोरगा परत आलेला नाही, आणि ती फक्त एवढंच विचारते की ही तुला कुठे मिळाली. खरं काय ते तुम्हीही ठरवून जाऊ नका, फायटर काय उत्तर देतो ते आधी ऐका.